चासीवरचे तीन आकडे

माझा एक भाचा अमेरिकेत मिशिगन प्रांतात असतो. गेल्या वर्षी दसऱ्याला त्याचा फोन आला. मी आपला नेहमीप्रमाणे, सोने वाटले का, पुरणपोळी कुणी केली, असे विचारण्याच्या बेतात, तोच तो म्हणाला, "मामा, एक साठ वर्षांची गाडी घेतोय. पण ती खरी आहे की नाही, तेच ठरत नाहीये."

गाडी डोळ्यांपुढे उभी आहे, किल्ली फिरवली की धडधडते आहे, आणि हा म्हणतो खरी की नाही ते ठरत नाही! मी सारा जन्म यवतमाळच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात घालवला. मोटारीतले मला इतकेच कळते की पुढे एंजिन असते आणि मागे धूर निघतो. पण मास्तरांचा एक गुण माझ्यात अजून शिल्लक आहे: समजले नाही की मी विचारतो. त्यानेही मग पाऊण तास समजावून सांगितले.

तिकडे 'मसल कार' नावाच्या गाड्या असतात. तालमीत जाऊन दंड फुगवलेल्या गाड्या म्हणा ना! 1964 साली पॉन्टियाक कंपनीने आपल्या मध्यम बांध्याच्या गाडीत 389 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे दांडगे एंजिन बसवले आणि तिला जीटीओ हे नाव दिले. नाव इटलीच्या फेरारीकडून उचललेले. (ज्या गाडीच्या अस्सलपणावरून आज इतका खल चालतो, तिचे नावच उसने आहे, याची मला मोठी गंमत वाटली.) गोम अशी की पहिली दोन वर्षे जीटीओ ही स्वतंत्र गाडी नव्हतीच. 'लमान्स' नावाची साधी गाडी घ्यायची आणि वर पैसे भरून हा साज चढवून घ्यायचा. त्यामुळे गाडीचा क्रमांक वाचला तर तो फक्त 'लमान्स' इतकेच सांगतो. 1966 पासून क्रमांकच बोलू लागला; पण भाच्याची गाडी 1965 ची. आता कुणीही एक साधी लमान्स घ्यावी, मोठे एंजिन घालावे, जीटीओची अक्षरे चिकटवावी, की झाली तयार. आणि अस्सल गाडीची किंमत साध्या गाडीच्या किती तरी पट!

म्हणून हे लोक काय काय पाहतात! एंजिनाच्या तोंडाशी दोन अक्षरी खूण असते ती पाहतात. ठोकळा कोणत्या दिवशी ओतला त्याची तारीख लोखंडातच उमटलेली असते, ती वाचतात. गाडी मार्चमध्ये तयार झाली आणि एंजिन मे महिन्यात ओतले असे निघाले, तर बाप मुलाच्या मागून जन्मला म्हणायचे. आकडे ठोकलेल्या जागी कारखान्यातल्या यंत्राचे बारीक ओरखडे आहेत की कुणी घासून गुळगुळीत केले आहे, हे भिंगातून पाहतात. पत्र्यावर लोहचुंबक फिरवतात. जिथे तो चिकटत नाही तिथे आत पुट्टी. पॉन्टियाक हे नाव 2010 साली बंद पडले, तरी कारखान्याच्या जुन्या बिलांच्या नोंदी सांभाळणारी एक संस्था तिकडे आहे. तिला पैसे भरून क्रमांक कळवला, की ती गाडी त्या दिवशी कोणता साज घेऊन बाहेर पडली होती, हे कागदावर मिळते.

मी 'हं, हं' करीत ऐकत होतो. आणि पंधराच दिवसांत हीच परीक्षा मला घाटंजीच्या पुढे, एका शेतातल्या गोठ्यात द्यावी लागली.

आमचे वडील पांढरकवड्याला डॉक्टर होते. केळापूर तालुक्यातली खेडी, मध्ये नाले, सागाचे जंगल. पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा फसायची. महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या जीपगाड्या देशभर पसरल्या. तसली एक 'डिस्पोजलची' जीप वडिलांनी 1949 साली नागपुराहून आणली. या जीपने किती बाळंतिणी दवाखान्यात पोहोचवल्या आणि किती पटकीची औषधे वाहिली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. 1968 साली ताईचे लग्न निघाले आणि वडिलांनी ती विकली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. दादा पंचवीसचा. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी दादा जेवला नाही, एवढे मला स्पष्ट आठवते.

दादा आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. काचबिंदूने त्याची दृष्टी गेली त्याला सहा वर्षे झाली. तो माझ्याकडेच असतो. संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही जे बोलतो त्यातले निम्मे त्या जीपविषयी असते, हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा एका दलालाने सांगितले की, "सर, तुमच्या वडिलांची जीप सापडली. घाटंजीकडे एका शेतकऱ्याच्या गोठ्यात उभी आहे," तेव्हा माझे काय झाले असेल ते सांगायला नको. दादाला मात्र मी काही बोललो नाही.

जाण्यापूर्वी आईची जुनी ट्रंक उघडली. गाडीचे नोंदणीपुस्तक अर्थात घेणाऱ्याबरोबर गेले होते. पण वडिलांनी विम्याच्या पावत्या दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या, आणि त्यांवर चासीचा नंबर, एंजिनाचा नंबर. त्या पावत्या वाचताना इतिहासाच्या मास्तराला दुसरीच मौज दिसली. पहिल्या पावतीवर पत्त्यात सी. पी. अँड बेरार. पुढे मध्य प्रदेश. 1957 च्या पावतीवर मुंबई राज्य. 1961 च्या पावतीवर महाराष्ट्र. गाडी तीच, डॉक्टर तेच, गाव तेच. आणि बारा वर्षांत त्यांनी जागचे न हलता चार राज्ये पाहिली!

यवतमाळचा एक जुना मिस्त्री बरोबर घेतला. साठ वर्षांचा माणूस. जीपच्या अंगावरून हात फिरवून तिचे गोत्र सांगतो. वाटेत त्याने मला धडा दिला. युद्धातल्या जीपगाड्या दोन कारखान्यांनी केल्या, विलीज आणि फोर्ड. दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक. नकाशा एकच, सुटे भाग एकमेकांत बसलेच पाहिजेत ही सरकारची अटच होती. तरी ओळख पटते. चासीच्या अगदी पुढची आडवी कांब गोल नळीची असेल तर विलीज, चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डने तर आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरही इंग्रजी 'एफ' कोरून ठेवला होता. समोरच्या जाळीला नऊ फटी असतील तर ती युद्धातली. सात असतील तर नंतरची. मी पावती काढून दाखवली. त्याने चष्मा कपाळावर चढवून वाचले आणि हसला. "सर, चासी हाय फोर्डची, एंजिन हाय विलीजचं. फोर्डवाले त चासीवर न् एंजिनवर एकच नंबर ठोकत होते. म्हंजे तुमच्या बाबांनी आनली तवाच तिचं काळीज बदललेलं होतं."

मी गप्पच झालो. ज्या अस्सल वस्तूच्या शोधात मी निघालो होतो, ती वडिलांच्या हाती आली तेव्हाच अस्सल नव्हती. कुठल्या तरी लष्करी वर्कशॉपात कुणा शिपायाने एका गाडीचे एंजिन दुसरीत घातले असेल आणि हात पुसून चहा प्यायला गेला असेल.

कापूस फुटला होता. गोठ्याच्या एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला ती. तिच्या बॉनेटवर कोंबड्या बसल्या होत्या. जाळीला फटी सात. एंजिन पुढच्या काळातले, महिंद्राचे. मागच्या बाजूचा पत्रा गावच्या लोहाराने ठोकून बसवलेला. मिस्त्रीने चुंबक लावला, तो दोन ठिकाणी चिकटला आणि चार ठिकाणी खाली पडला. पण पुढची कांब चौकोनी होती. चासी फोर्डची. डाव्या लांब पट्टीच्या वरच्या अंगावर, जिथे फोर्डवाले नंबर ठोकत, तिथे मिस्त्रीने डिझेल ओतले, ताराच्या ब्रशाने दहा मिनिटे घासले, आणि मला बोलावले.

जी, पी, डब्ल्यू. मग तीन आकडे. तिन्ही पावतीशी जुळणारे. पुढचे तीन गंजाने खाल्लेले.

वाचकहो, मी गणिताचा मास्तर नाही, पण एवढे गणित मला गोठ्यात उभ्या उभ्या सुचले: तीन आकडे गेले म्हणजे त्या आरंभाच्या हजार जीपगाड्या संभवतात. त्या हजारांतल्या किती हिंदुस्थानात आल्या असतील? किती आमच्या भागात? किती अजून उभ्या असतील? फारच थोड्या. म्हणजे ही वडिलांचीच असण्याचा संभव चांगला आहे. चांगला आहे, पण तो संभवच.

मग मी काय केले ते सांगतो, आणि हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. मी शेतकऱ्याला प्रश्न विचारू लागलो. "तुमचे वडील कधी पांढरकवड्याच्या डॉक्टरांचे नाव घेत होते का?" "ही आधी हिरव्या रंगाची होती, नाही का?" "उजव्या बाजूला पायरीपाशी एक खोक होती, आठवते?" पंचवीस वर्षे मी मुलांची तोंडी परीक्षा घेतली. उत्तर ज्याच्या पोटात लपले आहे असा प्रश्न विचारू नये, हे मी नव्या शिक्षकांना शिकवले. आणि येथे मी एका भल्या माणसाच्या तोंडात उत्तरे कोंबत होतो! त्याने नुसते 'हो' म्हटले असते तर मी त्याला दहा हजार रुपये जास्त दिले असते, आणि आनंदाने दिले असते.

तो म्हणाला, "मी काई म्हनत नाई का हे तुमचीच हाय. माह्या बापानं नदीच्या तिकडून, आदिलाबादकडून आनली. त्याच्या पह्यले कोनाची होती ते त्यालेच ठाऊक, न् तो त गेला. कागद नाई. तुमाले पटत असन त घ्या, नाई त राहू द्या."

दलालाने डोळे वटारले. मला स्वतःचीच लाज वाटली.

आपण समजतो की नंबर तपासायचा तो विकणाऱ्यावर विश्वास नाही म्हणून. विकणारे लबाड असतात, यात शंका नाही. माझ्या भाच्याला तीन भेटले. पण लबाडीची पहिली ओळ पुष्कळदा घेणाराच लिहून देतो. त्याला काय ऐकायचे आहे हे त्याच्या डोळ्यांत दिसते, आवाजात ऐकू येते. विकणारा बिचारा नुसता शुद्धलेखन करतो! नंबराचे बरे असते. त्याला आपले तोंड पाहून बदलता येत नाही.

पण बदलता येते, हे पुढच्याच क्षणी कळले. मिस्त्रीने मला बाजूला घेतले. "सर, तीन आकडे त साफ हायेत. बाकीचे मी उठवून देतो. पंच हाय आपल्यापाशी, जुन्याच घाटाचा. वरून मिठाचं पानी मारलं का आठ दिवसांत असा गंज चढते का कोनाचा बाप ओळखत नाई. न् दादासाहेबाईले त..." तो थांबला. दादाला दिसत नाही, हे त्याला म्हणायचे होते.

कायद्याने हा गुन्हा आहे, हे मला माहीत होते. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी ठेवली. तीही चासी, सांगाडा, एंजिन यांत मोठा बदल न झालेल्या गाडीलाच. ही गाडी त्यात बसणारी नव्हती. कागद नसल्यामुळे ती रस्त्यावर यायचीच नव्हती. मग कुणाचे काय बिघडत होते? अंगणात उभी राहील, एका आंधळ्या म्हाताऱ्याला दिवाळीत आनंद होईल. मिस्त्रीच्या मनात पैशाचा लोभ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तो दयेने बोलत होता. म्हणून तर ते कठीण गेले.

परतताना वाटेत मला नागसेनाचा रथ आठवला. मिलिंद राजा हा ग्रीक, नागसेन भिक्षू. राजा रथातून आला होता. भिक्षूने विचारले, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला, आणि अखेर रथ हे एक व्यवहारापुरते नाव आहे, इतकेच उरले. आमच्याकडे यालाही दाखला आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ जाणारी आमची शकुंतला. तिचे वाफेचे एंजिन 1921 साली मँचेस्टरला झाले. 1994 च्या एप्रिलात ते काढले आणि डिझेलचे जोडले. पण कुणी म्हटले का, की ही शकुंतला नव्हे? लोक स्टेशनावर तसेच 'शकुंतला आली' म्हणत राहिले. आता ती धावत नाही, तरी नाव आहेच. आमच्या घरच्या आकाशकंदिलाचेही तसेच आहे. सांगाडा वडिलांनी केला असे आम्ही म्हणतो; कागद दर वर्षी नवा, आणि खरे सांगायचे तर कामट्याही एकेक करून सर्व बदलल्या आहेत.

मग नागसेनाच्या न्यायाने जीपलाही वडिलांचे नाव द्यायला काय हरकत? बराच वेळ मी स्वतःला असे समजावले. पण शकुंतलेचे एंजिन बदलले ते सगळ्या गावासमोर. कंदिलाच्या कामट्या आम्ही सर्वांनी बसून बदलल्या. नाव तेच ठेवायला सर्वांची संमती होती, कारण बदल सर्वांना ठाऊक होता. वडिलांच्या गाडीत विलीजचे एंजिन होते, तेही त्यांनी लपवले नाही. विम्याच्या कागदावर सरळ लिहिले. एंजिन बदललेली गाडी खोटी होत नाही. पंच मारून उठवलेला आकडा मात्र खोटा, मग तो नेमका बरोबर आकडा का असेना. हे मला त्या भाच्याच्या गाडीपाशीच कळायला हवे होते: मोठे एंजिन बसवलेली लमान्स ही उत्तम गाडी असते, मालकाने ती लमान्स आहे एवढे सांगितले की झाले.

मात्र 'एवढे' म्हणणे सोपे आहे. दादाला सांगताना माझी जीभ जड झाली.

निघताना मिस्त्रीकडून मी एक करवून घेतले होते. आर.टी.ओ.त चासीच्या नंबराचा पेन्सिलने ठसा घेतात. पण पेन्सिलीचा ठसा दादाच्या काय कामाचा? म्हणून एम-सीलचा मऊ गोळा नंबरावर दाबून त्याचा साचा काढला. रात्री जेवण झाल्यावर दादाच्या हातात तो ठेवला आणि सारे सांगितले. दलालाचे, शेतकऱ्याचे, सात फटींचे, मिस्त्रीच्या पंचाचेही. माझ्या प्रश्नांचे मी गाळणार होतो, तेही सांगितले.

दादाने साच्यावरून बोट फिरवले. आकडे उलटे होते, तरी त्याने वाचले. तिसऱ्या आकड्यानंतर त्याचे बोट खरबरीत जागेवर पुढेमागे होत राहिले. मी पावतीवरचा पूर्ण नंबर वाचून दाखवला. तो म्हणाला, "मला पाठ आहे." मग पुष्कळ वेळाने, "चौथा आकडा पाच असता तर इथे पोट लागले असते. लागत नाही. पण लागत नाही असेही नाही." आणि हसला.

"मग काय करू?"

"मागतो किती?"

मी किंमत सांगितली. "लोखंडाच्या भावापेक्षा जरा जास्त आहे," तो म्हणाला. "घे. पण बाबांची म्हणून घेऊ नकोस. फोर्डची जीप म्हणून घे. बसायला मिळेल."

दिवाळीच्या चार दिवस आधी ट्रकवर घालून ती आली. गाव लोटले. दादाला डाव्या बाजूच्या आसनावर बसवले. युद्धातल्या जीपचे चाक डावीकडेच असते. त्याने चाक धरले, दोन्ही पाय खाली चाचपले, आणि कोंबड्यांचा वास येतो म्हणाला. तो तासभर तिथेच बसून होता. काय आठवत होता, मी विचारले नाही.

भाच्याला फोटो पाठवला. त्याने ती पॉन्टियाक घेतली नाही. दुसरी पाहतो आहे. या वेळी साधी लमान्सच, आणि मालकानेही तसेच सांगितले आहे म्हणे.

काल नरक चतुर्दशीची आंघोळ आटोपून मुले अंगणात जमली होती. नातू चासीची पट्टी चिंधीने पुसत शेजारच्या मुलांना सांगत होता, "ही आमच्या पणजोबांची जीप. युद्धातली." मी चहा ठेवून बाहेर गेलो आणि म्हटले, "असेल. तीन आकडे जुळतात. तीन वाचता येत नाहीत."

"का येत नाहीत?"

"गंजले."

त्याने वाकून पाहिले, नखाने जरा खरडले, आणि चिंधी पुन्हा डिझेलच्या डब्यात बुडवली.